पंखांना भार किती?

आख्यानातल्या उडत्या वाहनांना वजनाची मर्यादा नसते. पुष्पक विमान लंकेहून निघते तेव्हा राम, सीता आणि लक्ष्मण यांच्यासह बिभीषण, सुग्रीव आणि त्यांचा सारा परिवार त्यात सहज मावतो. कितीही जण बसले तरी पुष्पकात एक जागा रिकामीच राहते, अशी लोकसमजूतही आहे. कथासरित्सागरातला पुत्रक मयासुराच्या भांडणाऱ्या मुलांना शर्यतीला लावतो आणि त्यांच्या मागे आकाशगामी पादुका पळवतो. पुढे राजकन्या पाटलीला कवेत घेऊन तो याच पादुकांवर आकाशमार्गे निघून जातो. पादुका एकाच्या पायातल्या, उडाली दोघे. सोमदेवाला त्याचा खुलासा करण्याची गरज वाटत नाही, आणि आपल्यालाही वाचताना ती वाटत नाही. कथा सांगणारा एक आणि ऐकणारे बाकीचे, अशी विभागणी असली की वजन हा प्रश्नच उद्भवत नाही.

तो उद्भवतो तेव्हा, जेव्हा ऐकणारे कथेत हात घालू लागतात. टेबलाभोवती बसून खेळल्या जाणाऱ्या भूमिकाखेळांत नेमके हेच घडते. वाचकांपैकी ज्यांना हा प्रकार अपरिचित असेल त्यांच्यासाठी थोडक्यात: गॅरी गायगॅक्स आणि डेव्ह आर्नेसन यांनी १९७४ साली ‘डंजन्स अँड ड्रॅगन्स’ हा खेळ प्रसिद्ध केला, तेव्हापासून हा प्रकार रूढ झाला. एक जण प्रसंग उभा करतो, बाकीचे एकेक पात्र घेऊन त्या प्रसंगात काय करतील ते बोलून दाखवतात, आणि जिथे निकाल अनिश्चित असेल तिथे फासे टाकतात. प्रसंग उभा करणाऱ्याला इंग्रजीत मोठमोठी नावे आहेत. आम्ही त्याला सूत्रधार म्हणतो. आपल्या नाट्यपरंपरेत हा शब्द आयता असताना दुसरा शोधण्याचे कारण आम्हांला दिसत नाही.

साहित्याच्या विद्यार्थ्यांनी या खेळांकडे लक्ष द्यावे असे आम्हांला फार दिवसांपासून वाटते, कारण कथनशास्त्रातले कित्येक प्रश्न इथे कागदावरून उठून समोर बसतात. प्रस्तुत लेखात त्यांतला एकच, वरवर अगदी क्षुल्लक वाटणारा प्रश्न घेतला आहे. पात्रे कड्यावर उभी आहेत. हाताशी बांबू आणि कापडाचे पंख आहेत, ज्यांच्या आधाराने तरंगत खाली उतरता येते. हे पंख किती वजन पेलतील, आणि त्याहून जास्त झाले तर सूत्रधाराने काय करावे?

यावर खेळणाऱ्यांत दोन पंथ आहेत. पहिल्या पंथाला वजनाचा हिशेबच नको असतो. साहस खेळायला बसलो आहोत, किराणा दुकानाची वही लिहायला नाही, असे त्यांचे म्हणणे. दुसरा पंथ नियमपुस्तकातला आकडा प्रमाण मानतो: मर्यादा नव्वद किलो, तुम्ही ब्याण्णव, तेव्हा उडता येणार नाही, पुढे बोला. आमच्या मते दोन्ही पंथ एकाच गैरसमजावर उभे आहेत. वजनमर्यादा ही भिंत असते असे दोघेही धरून चालतात. एकाला ती पाडायची असते, दुसऱ्याला राखायची. वजनमर्यादेला भिंत न मानता किंमत मानावे, वाढत जाणारी आणि उडी मारण्याआधी उघड सांगितलेली किंमत, असे आमचे प्रतिपादन आहे.

नियमपुस्तके या बाबतीत एकमुखी नाहीत, हे सांगितले पाहिजे. डंजन्स अँड ड्रॅगन्सच्या २०१४ च्या पाचव्या आवृत्तीत पात्राच्या बळाच्या अंकाला पंधराने गुणले की तो किती पौंड वाहू शकतो ते निघते. साधी भिंत. पण त्याच आवृत्तीतला उडता गालिचा पाहा. तीन फूट बाय पाच फुटांचा गालिचा दोनशे पौंड, म्हणजे सुमारे एक्क्याण्णव किलो पेलतो. सहा बाय नऊचा आठशे पौंड. आणि यापुढची ओळ महत्त्वाची आहे: गालिचा ठरल्याच्या दुप्पट वजनही नेतो, फक्त त्याचा वेग निम्मा होतो. ही किंमत झाली. उलट, पडणाऱ्यांना पिसासारखे अलगद उतरवणारा जो मंत्र आहे तो किलो मोजतच नाही, मुंडकी मोजतो. पाच जणांपर्यंत कोणीही. उंदीर असो वा हत्ती, डोके एक.

आता गंमत अशी की गालिच्याला लागू पडणारा नियम तरंगणाऱ्या पंखांना नेमका उलटा लागू पडतो. गालिचा जादूच्या बळावर चालतो, म्हणून त्याला भार जड होतो आणि तो मंदावतो. तरंगणाऱ्या पंखांना स्वतःचे बळ नसते. त्यांना पुढे नेणारी एकच शक्ती, गुरुत्वाकर्षण. उतारावरून घरंगळणारी गाडी ज्या कारणाने चालते त्याच कारणाने ते चालतात, उतार तेवढा हवेचा. म्हणजे वजन हे या साधनाचे ओझे असण्याआधी त्याचे इंजिन असते. यातून निघणारा निष्कर्ष बहुतेक खेळाडूंना पहिल्यांदा ऐकताना खोटा वाटतो: पंख तेच ठेवून वजन वाढवले तर संथ हवेत उड्डाणाचा पल्ला घटत नाही. किती खाली येताना किती पुढे जायचे हे प्रमाण पंखांच्या आकारावर ठरते, भारावर नव्हे. बदलतो तो वेग, आणि तो वजनाच्या वर्गमुळाच्या प्रमाणात वाढतो. स्पर्धेतले ग्लायडर पंखांत मुद्दाम पाणी भरून नेतात ते याच साठी. जड ग्लायडर तेच अंतर लवकर कापतो, आणि उतरण्यापूर्वी ते पाणी सोडून देतो.

उतरण्यापूर्वी सोडून देतो, यातच मेख आहे. ओटो लिलिएन्थालचे उदाहरण घेऊ. १८९१ पासून १८९६ च्या ऑगस्टमध्ये अपघाती मृत्यू येईपर्यंत या जर्मन अभियंत्याने टेकड्यांवरून जी उड्डाणे केली, त्यांसाठी वापरलेले त्याचे नेहमीचे यान साधारण वीस किलोंचे आणि तेरा चौरस मीटर पंखांचे होते. माणूस, कपडे, यान मिळून शंभर किलो धरू आणि वेग ताशी चाळीस किलोमीटर धरू. आता त्याच पंखांखाली दुसरा माणूस लोंबकळला आणि एकूण भार दोनशे झाला, तर वेग ताशी छप्पन्नच्या घरात जातो. धावत जाऊन तेवढा वेग पकडणे माणसाच्या पायांना अशक्य, तेव्हा समोरून जोराचा वारा हवा. तो मिळून पंख हवेत गेलेच तर पल्ला पूर्वीइतकाच. मात्र जमिनीला टेकताना वजन दुप्पट आणि वेगाचा वर्गही दुप्पट, म्हणून आघाताची ऊर्जा चौपट. शिवाय वळताना बांबूवर येणारा ताण वेगळाच. जास्त वजनाने माणूस कड्यावरच अडकून पडत नाही. तो उडतो, पोहोचतो, आणि पोहोचताना पाय मोडून घेतो. सूत्रधाराला यापेक्षा चांगली सामग्री कोणती हवी?

दुसरे टोकही आहे, आणि ते नियमपुस्तके हमखास विसरतात. कामशेतच्या डोंगरांवर पॅराग्लायडिंग शिकायला जाणाऱ्यांना ते पहिल्याच दिवशी कळते: प्रत्येक छत्राला कमाल वजनाबरोबर किमान वजनही ठरलेले असते, आणि ते सामानासकट मोजायचे असते. मोठ्या छत्राखाली हलका माणूस लटकला तर त्याचा वेग पुरेसा राहत नाही, छत्र हवेच्या हिसक्यांपुढे लुळे पडण्याची भीती वाढते, आणि वारा त्याच्या वेगापेक्षा जोरात असेल तर तो पुढे जायच्या ऐवजी मागे रेटला जातो. आपल्या वरच्या हिशेबात भार शंभराचा पन्नास केला तर वेग ताशी अठ्ठावीसवर येतो. समोरून तिशीचा वारा असला की पात्र तोंड शत्रूकडे ठेवून पाठीमागे सरकत राहील. भूमिकाखेळांत बुटक्या, हलक्या जमातींची पात्रे लोकप्रिय आहेत आणि पंख दिसले की त्यांना पुढे ढकलण्याची प्रथा आहे. त्यांच्या खिशात चार दगड भरायला सांगणारा सूत्रधार आम्हांला अद्याप भेटलेला नाही.

इथवर वाचून कोणी म्हणेल की हे सारे पदार्थविज्ञान झाले, यात साहित्य कुठे आहे? त्यासाठी आदिपर्वातल्या गरुडाकडे जावे लागेल. अमृत आणायला निघालेला गरुड भुकेला आहे. कश्यपाच्या सांगण्यावरून तो एकमेकांशी भांडणारे हत्ती आणि कासव दोन पायांत उचलतो आणि बसायला जागा शोधत एका प्रचंड वटवृक्षाच्या फांदीवर टेकतो. फांदी मोडते. वजनमर्यादा ओलांडली गेली! दुसऱ्या एखाद्या कथाकाराने इथे गरुडाला पाडले असते, किंवा फांदी मोडलीच नाही असे सांगून मोकळा झाला असता. महाभारतकार तिसरेच करतात. त्या फांदीला अंगठ्याएवढे वालखिल्य ऋषी उलटे लटकून तप करीत आहेत. फांदी पडली तर ते मरतील, म्हणून गरुड ती चोचीत धरतो, आणि दोन पायांत हत्ती व कासव, चोचीत फांदी, फांदीला ऋषी, अशा अवस्थेत उडत राहतो. खाली उतरता येत नाही आणि भार टाकता येत नाही. शेवटी कश्यपच ऋषींना विनवतो, ते फांदी सोडून जातात, आणि मगच गरुड ती निर्मनुष्य हिमपर्वतावर नेऊन टाकतो. महाभारताच्या प्रचलित पाठात तर गरुड हे नावच त्याला इथे मिळते: गुरू, म्हणजे जड, भार घेऊन उडाला म्हणून गरुड.

वजनमर्यादा ओलांडल्याचा दंड म्हणून आदिपर्व गरुडाला पाडत नाही, त्याच्यावर एक जबाबदारी टाकते. आणि तीही अशा लोकांची, जे त्याच्या हिशेबात नव्हतेच. अंगठ्याएवढे ऋषी! त्यांचे वजन ते किती असणार? पण त्या प्रसंगातला सगळ्यांत जड भार तोच आहे. भूमिकाखेळाच्या नियमांवर लिहिणाऱ्या प्रत्येकाने हा अध्याय एकदा वाचावा, अशी आमची शिफारस आहे.

आमच्या मीरा रोडच्या बैठकीत हा प्रश्न आला तो वसईच्या मोहिमेत. आज मीरा-भाईंदर शहरात मोडणारा डोंगरी-उत्तनचा पट्टा इतिहासात धारावी बेट म्हणून ओळखला जातो. खाडीच्या एका तोंडाला हे बेट, पलीकडे वसईचा कोट. त्यामुळे १७३७ ते १७३९ च्या मोहिमेत मराठे आणि पोर्तुगीज यांच्यात धारावीसाठी झुंज झाली आणि धारावी हाती आल्यावर वसईची समुद्राकडची कोंडी आवळली गेली. चौक गावाच्या उंचवट्यावर उभे राहिले की हे सगळे नकाशाशिवाय समजते. आम्ही या इतिहासात एक कल्पित बांबूचे पंख सोडले. सूत्रधाराने टेकडी पन्नास मीटर धरली आणि लिलिएन्थालच्या बेताचे, एक मीटर उतरताना चार मीटर पुढे नेणारे पंख दिले. म्हणजे पल्ला दोनशे मीटर. खाडी ओलांडून वसईत उतरण्याचे स्वप्न तिथेच संपले. फार तर टेकडीखालच्या पोर्तुगीज चौकीच्या माथ्यावरून होडीपर्यंत जाता येत होते. पंखांची जोडी एक, पात्रे चार, त्यांतले एक जखमी, आणि दारूचे दोन बुधले.

भिंतीचा नियम असता तर हा प्रसंग एका मिनिटात आटोपला असता. किमतीचा नियम होता म्हणून तो दोन तास चालला. सूत्रधाराने आधीच सांगून टाकले होते की एकटा माणूस सुखरूप उतरेल, माणूस आणि बुधला असेल तर गुडघे फुटतील, दोन माणसे असतील तर एकाचा तरी पाय जाईल आणि वारा पडला तर उड्डाणच होणार नाही. मग तलवारी कोण ठेवतो, चिलखत कोण काढतो, बुधला पुढे धाडला तर जखमीचे काय, यावर चार पात्रांची खरी ओळख एकमेकांना झाली. एकाने चिलखत काढले पण कमरेची पितळी मूर्ती सोडीना. तिचे वजन शेराच्या आतलेच, परंतु तिच्यावर जेवढे बोलणे झाले तेवढे बुधल्यांवर झाले नाही.

याच बैठकीत दुसरी एक गोष्ट घडली आणि हा लेख खरे तर तिच्यामुळे लिहावासा वाटला. पात्रांची वजने विचारताच एक खेळाडू क्षणभर गप्प झाला. त्याने पात्राच्या पत्रिकेवर स्वतःचेच वजन उतरवले होते, आणि ते सर्वांत जास्त होते. “माझा माणूस मागे राहील,” तो हसत म्हणाला. हसणे खरे नव्हते. ज्यांना शाळेपासून वजनावरून टोपणनावे मिळाली आहेत त्यांना हे हसणे ठाऊक असते. आख्यानातल्या प्रश्नाने टेबलापलीकडच्या माणसाला गाठले होते.

मीरा रोडच्या उंच इमारतींत राहणाऱ्यांना या प्रश्नाचे एक उत्तर रोज दिसते. उद्वाहनातल्या पाटीवर लिहिलेले असते: सहा व्यक्ती, ४०८ किलो. भागाकार करून पाहा, माणशी अडुसष्ट किलो. पाटीने माणूस अडुसष्ट किलोंचा ठरवून टाकला आहे. तो तसा असतो म्हणून नव्हे, तर दारात उभे राहून प्रत्येकाला विचारणे शक्यही नाही आणि शोभतही नाही म्हणून. भार जास्त झाला की घंटा वाजते, आणि मग कोण उतरतो? सगळ्यांत जड माणूस नव्हे. सगळ्यांत शेवटी आलेला. भार सगळ्यांचा मिळून झालेला असतो, उतरतो मात्र एक, आणि तो कोण हे वजनकाटा ठरवीत नाही, रिवाज ठरवतो. (भाईंदरहून सकाळी चर्चगेटकडे जाणाऱ्यांनी क्षमता या शब्दाचा अर्थ आम्हांला विचारू नये, तो त्यांना आमच्यापेक्षा चांगला माहीत आहे.)

त्या दिवसापासून आमच्या टेबलावर देह मोजला जात नाही. प्रत्येक पात्राचा देह एक एकक, पाटीवरच्या अडुसष्टासारखा. मोजायचे ते देहाबाहेरचे: शस्त्रे, चिलखत, बुधले, मूर्ती, आणि उचलून नेलेला दुसरा माणूस. ज्याला आपले पात्र भीमासारखे किंवा अंगठ्याएवढे हवे असेल त्याने ते स्वतःहून जाहीर करावे. मग त्याचा भार मोजू, कारण ती त्याने निवडलेली गंमत आहे. काटेकोरपणाचे भोक्ते याला तडजोड म्हणतील. कामशेतला काटा खराच हवा, तिथे चूक झाली तर माणूस जातो. टेबलावर माणूस जातो तो निराळ्या रीतीने: पुढच्या रविवारी त्याला काहीतरी काम निघते.

आक्षेप एकच गंभीर वाटतो. किंमत आधी सांगितली तर धोक्यातली उत्कंठा जाते, असे काही अनुभवी सूत्रधार म्हणतात. आम्हांला हे पटत नाही. फांदी मोडणार हे गरुडाला आधी ठाऊक असते तर कथा बिघडली असती, हे खरे. परंतु गरुड हा कथेतला आहे आणि खेळाडू कथेचे सहलेखक आहेत. न सांगितलेली मर्यादा ओलांडून मेलेले पात्र सूत्रधाराच्या लहरीने मेलेले असते, आणि त्या मरणाला टेबलाभोवती कोणीही शोक करीत नाही. लोक नियमपुस्तक उघडतात. पाय मोडणार हे माहीत असून जखमीला पाठीवर बांधून जो उडी मारतो, त्याच्याबद्दल बैठक संपल्यावरही बोलणे चालते.

वनपर्वात द्रौपदी थकून मूर्च्छित पडते तेव्हा भीम घटोत्कचाला बोलावतो. घटोत्कच तिला उचलतो, पांडवांना इतर राक्षस उचलतात. तिथे भार वाटून घेतला आहे, एकावर लादलेला नाही. हा तोडगा आमच्या खेळाडूंना अजून सुचलेला नाही, आणि सूत्रधाराने तो सुचवू नये असा आमच्यात ठराव आहे.

एक बाब शिल्लक आहे, पावसाची. कामशेतची उड्डाणे पावसाळ्यात बंद असतात आणि खरी वसईही मे १७३९ मध्ये, पावसाच्या तोंडावर पडली. आमची मोहीम मात्र रेंगाळत जूनमध्ये शिरली आहे. भिजलेल्या सुती कापडाचा भार पंखांत धरायचा की प्रवाशात, आणि ओल्याने सैल पडलेल्या काथ्याचे काय करायचे, यावर गेल्या दोन बैठका एकमत झालेले नाही. जखमी माणूस अजून टेकडीवरच आहे.